कूलरसमोरचा दिलरुबा

तार वाजते म्हणजे नेमकं काय होतं, असं कुणी विचारलं की मी त्याला अंगणातली धुणं वाळवायची दोरी दाखवतो. सैल दोरीला टिचकी मारा, ती नुसती झोका घेते. तीच ओढून खिळ्याला घट्ट बांधा आणि मग टिचकी मारा, ती गुणगुणते. माझा सगळा जन्म या दोन दोऱ्यांच्या मधल्या जागेत गेला. ओढायची किती आणि थांबायचं कुठे, एवढाच काय तो धंदा.

वर्ध्यात भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. पेट्या आणि तबले घर चालवायचे. जीव मात्र गजाने वाजणाऱ्या वाद्यांवर होता. व्हायोलिन, दिलरुबा, क्वचित कुणाच्या माळ्यावरून उतरलेली सारंगी. लोक मला मिस्तरी म्हणत. आता दुकान उरलं नाही, मी पिपरी मेघेला मुलाकडे असतो. दुपारी जेवून पडलो की डोळा लागता लागता कुठेतरी लांब बारीक तारा वाजतात. सून म्हणते शेजारचा टीव्ही असेल. असेलही. मी उठून पाहायला जात नाही.

वाचकांपैकी बहुतेकांनी गज जवळून पाहिलेला नसेल, म्हणून थोडं सांगतो. सतारीची तार छेडली की ती एकदा थरथरते आणि आपली आपण विझते. गजाचं तसं नाही. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात आणि त्यांना राळ घासलेली असते. ते केस तारेला पकडतात, थोडं ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. हे इतकं भराभर चालतं की आपल्याला सलग सूर ऐकू येतो. तार सैल असली तर ती गजाच्या मागे मागे फरपटत जाते आणि आवाज झोपेतून उठवलेल्या माणसासारखा घोगरा निघतो. फार ताणली तर ती गजाला जुमानत नाही, किंचाळते. मधे कुठेतरी एक जागा असते. तिथे आवाज मोकळा होतो आणि अख्खं लाकूड बोलायला लागतं. ही जागा प्रत्येक वाद्याची वेगळी. ती सापडली की मला कुणी समोर बसलंय याचंही भान राहत नसे. गिऱ्हाईक बिचारं दोनदा खाकरायचं.

पण ही जागा लोकांना राहू द्यायची नसते. नालवाडीला एक निवृत्त शिक्षक होते, व्हायोलिन शिकत होते. फार दयाळू माणूस. वाजवून झालं की ते सगळ्या तारा सैल करून ठेवायचे. म्हणायचे, "दिवसभर ताणून राह्यते जी, तिलेही आराम पाह्यजे." आता व्हायोलिनच्या पोटात एक लहानशी लाकडी काडी उभी असते. ती कशानेही चिकटवलेली नसते, वरच्या तारांच्या दाबाने उभी राहते. तारा सैल केल्या की काडी आडवी आणि आवाज गेला. गुरुजी दर थोड्या दिवसांनी व्हायोलिन घेऊन यायचे आणि पोटातली खुळखुळ ऐकवायचे. मी पुढच्या बाजूच्या फटीतून आकडा घालून काडी उभी करायचो आणि रागवायचो. ते शांतपणे ऐकून घ्यायचे. घरी गेल्यावर पुन्हा आराम सुरू. शेवटी मी रागवायचं सोडून दिलं.

दिलरुब्याचं दुखणं वेगळं. त्याच्या पोटावर बकऱ्याचं कातडं मढवलेलं असतं, त्या कातड्यावर लाकडाची छोटी घोडी उभी असते आणि घोडीवरून तारा जातात. मुख्य तारांच्या खाली बारीक तारांची एक रांग असते, त्यांना तरफा म्हणतात. तरफांना वाजवणाऱ्याचा हात लागत नाही. वरच्या तारेचा सूर त्यांच्या सुराशी जुळला की त्या आपल्या आपण वाजायला लागतात. दुकानात भिंतीला दोन-तीन दिलरुबे टांगलेले असायचे. उन्हाळ्याच्या दुपारी गल्ली सामसूम असायची, मोठ्या रस्त्याने एखादी एसटी जायची आणि भिंतीवर कुठेतरी एक तरफ हुं करायची. मग तिचं ऐकून दुसरी. हातातलं काम ठेवून मी ते संपेपर्यंत बसून राहायचो.

अशाच एका मे महिन्यात देवळीचे वसंतराव आले. लोडशेडिंगचे दिवस होते ते, लाइन केव्हा जाईल याचा नेम नसे. वसंतरावांचं देवळीला लोखंडी सामानाचं दुकान होतं. कुलपं, साखळ्या, फावडी, पंपाचे सुटे भाग. माणूस पन्नाशीचा, दणकट, बोलायला मात्र हळू. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला दिलरुबा माझ्यापुढे ठेवला आणि वरचा टॉवेल काढला. कातडं मधोमध फाटलेलं, घोडी आत पडलेली, तारा विस्कटलेल्या.

"काय केलं हे?" मी विचारलं.

"मी काई नाई केलं जी मिस्तरी. काल दुपारी लाइन गेली, कूलर बंद पडला. आमी सारे आंगनात निंबाखाली जाऊन बसलो. थोड्या वेळानं आतून फटाका फुटल्यावानी आवाज आला."

"दिलरुबा कुठे होता?"

"कूलरपुढं."

"कूलरपुढं काऊन?" रागाच्या भरात माझीही वऱ्हाडी बाहेर पडते.

"आता मिस्तरी, घरातली सारी मानसं कूलरपुढं पडून राह्यतात. त्याले एकट्याले तापल्या खोलीत कसं ठेवू? तडकून जाईन ना तो."

मी त्यांना म्हटलं, "वसंतराव, दिलरुब्याला घाम येत नाही हो." ते ओशाळून हसले.

ही चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे. वर्ध्याचं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना कूलर म्हणजे देव वाटतो, आणि देवापुढे सगळ्यांना जागा. पण कूलरची हवा ओली. कातडं ती ओल पितं आणि मऊ पडतं, घोडी खाली दबते, तारांचा ताण कमी होतो, सूर उतरतो. मग वाजवणारा खुंटी पिळून तार चढवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरते, पुन्हा चढवतो. असा महिनाभर मऊ कातड्यावर ताण चढत गेला. मग लाइन जाते, कूलर थांबतो, बाहेरची कोरडी झळ आत येते. कातडं सुकून आवळायला लागतं आणि घोडीला वर उचलतं. तार आधीच पिळलेली. दोघांपैकी एकाला तुटावंच लागतं. इथे कातडं गेलं.

"नवं कातडं मढवावं लागेल," मी म्हटलं.

"मढवा. पन मिस्तरी, येक काम करा. आवाज असा करून द्या का माय काई बोललीच नाई पाह्यजे."

मग त्यांनी मायचं सांगितलं. लकवा मारल्यापासून तिची ओळख गेली होती. खाणंपिणं नीट, बोलणं नीट, पण माणसं कोण ते कळेना. मुलाला ती भाऊ म्हणायची. कुणी पाहुणा घरात उतरलाय असं तिला वाटे. "सकाळी चहा देतो तर म्हनते, बसा जी भाऊ, तुमी काऊन तकलीफ घेता. माह्याच घरात मी पाहुना हाओ मिस्तरी."

त्यांचे वडील भजनात दिलरुबा वाजवायचे. मायने वाद्याला कधी हात लावला नाही, पण कान तिचा. भाकरी थापता थापता ती चुलीपासून ओरडायची, तार उतरली म्हणून. वडील गेल्यावर वसंतराव वाजवायला लागले आणि ते ओरडणं त्यांच्या वाट्याला आलं. आता दुपारी दुकान बंद करून जेवण झालं की ते मायच्या खाटेशेजारी, कूलरपुढे वाजवायला बसत.

"थोड्या वेळानं बरोब्बर म्हनते, वसंता, तार उतरली रे तुही. दिवसातून तेवढंच येकदा माहं नाव निंघते तिच्या तोंडून. मले बरं वाटते आन लाजबी वाटते. जलमभर तिले येकदा निर्दोष वाजवून नाई दाखवलं. आता किती दिवसाची सोबत हाय! येक डाव तिनं छान म्हनावं."

दोघेही आम्ही सूर जाणणारी माणसं, आणि दोघांच्याही डोक्यात पुढचं आलं नाही.

तो दिलरुबा मी जीव ओतून केला. पातळ, एकसारखं कातडं निवडलं, सावलीत हळूहळू वाळू दिलं. घोडी नवी कोरली. खुंट्यांना खडू घासून त्या अशा बसवल्या की एकदा लावलेली तार जागची हलणार नाही. ही माझी खास गोष्ट होती. माझ्या हातची खुंटी घसरत नाही असं नागपूरचे वाजवणारेही म्हणत आणि ते ऐकून मी वरवर नाही नाही म्हणायचो. सगळ्या तारा चढवून गज फिरवला आणि तरफा अशा उठल्या की भिंतीवरचे दिलरुबेही त्यात सामील झाले. वसंतराव डोळे मिटून उभे होते. मी त्यांच्याकडून वचन घेतलं. दिलरुबा आतल्या खोलीत, सुती पिशवीत ठेवायचा. वाजवायला बसायचं ते कूलरच्या झोतापासून दूर, दाराच्या भिंतीला पाठ लावून.

त्यांनी ते वचन तंतोतंत पाळलं.

काही दिवसांनी दुपारी ते पुन्हा आले. हात रिकामे. बाकावर बसले, पाणी प्यायले, गल्लीकडे पाहत राहिले. मी विचारलं, "काय म्हणाली माय?"

"छान म्हनाली."

"अरे वा!"

"म्हनाली, मोठं गोड वाजवता जी भाऊ. कोन्या गावचे तुमी?"

माझ्या हातात रेशमी दोऱ्याची गुंडी होती, ती तशीच राहिली.

"रोज इचारते," वसंतराव म्हणाले. "मी सांगतो, देवळीचा. तर म्हनते, आमीबी देवळीचेच. मंग खूश होऊन आयकत राह्यते. नाव काई घेत नाई."

मला तेव्हा उलगडा झाला, आणि इतकं सोपं होतं ते की माझं मलाच वाईट वाटलं. पूर्वी वसंतराव सुरात सुरुवात करायचे, कूलरच्या ओलीने कातडं मऊ पडायचं, वाजवता वाजवता तार उतरायची. तरफा एकेक करून गप्प व्हायच्या. मायच्या कानाला ते खुपायचं, आणि ज्याच्यावर आयुष्यभर ओरडली तो तिला समोर दिसायचा. मी तार अशी लावून दिली होती की ओरडायला कारणच उरलं नाही. चांगलं वाजवणारा माणूस तिच्या लेखी परका.

"थोडी उतरवूनच वाजवा ना," मी म्हटलं.

"करून पाह्यलं. होत नाई. बोट आपोआप सरकते आन सूर बरोबर करते. मुद्दाम बेसूर वाजवनं मले जमत नाई जी."

ते खरंच होतं. दिलरुब्यात डाव्या हाताचं बोट तारेवर दाबून सूर काढायचा असतो. तार कमी आहे हे आधीच ठाऊक असलं की बोट नकळत कसर भरून काढतं. तार त्यांच्या नकळत, वाजवता वाजवता उतरायला हवी होती. पुन्हा कूलरपुढे बसवावं तर आज ना उद्या लाइन जाणार आणि कातडं फाटणार. वसंतराव तेही करायला तयार होते. म्हणाले, "फाटलं तर फाटलं, तुमी पुन्हा मढवून द्या." पण वाद्य फाटणार हे ठाऊक असताना मी ते तिथे ठेवू देणं, हे माझ्याच्याने होईना.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही जा, मी उद्या देवळीला येतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमारास देवळीच्या एसटीत बसलो. खिडकीतून नांगरून पडलेली काळी रानं सरकत होती, त्यांच्यावर झळ पाण्यासारखी हलत होती आणि दूरचं एक बाभळीचं झाड त्यात पोहत होतं. खिशात कपडे धुवायच्या साबणाची कोरडी वडी होती. खुंटी घट्ट बसावी म्हणून आम्ही खडू लावतो. साबण लावला की ती हळूहळू घसरते. शिकाऊ माणसाने चुकून साबण जास्त लावला तर मी त्याला दुकानाबाहेर उभं केलं असतं, आणि आज मी स्वतःच तो घेऊन निघालो होतो. गाडीत डुलकी लागली. स्वप्नात मी सगळ्या वर्ध्याच्या खुंट्यांना साबण लावत फिरत होतो आणि मला कुणी अडवत नव्हतं.

वसंतरावांच्या घरी खिडक्यांना हिरवे पडदे होते. बाहेरच्या उन्हातून आत आलं की एखाद्या विहिरीत उतरल्यासारखं वाटे. कूलरला वाळ्याची ताटी लावलेली, तिचा थंड, मातकट वास खोलीभर होता. माय खाटेवर उशीला टेकून बसली होती. लहानशी, गोरी, पांढऱ्या केसांचा बारीक अंबाडा. तिने मला हात जोडले.

"या जी. जेवन झालं का तुमचं?"

वसंतरावांच्या बायकोने, वैनींनी, माझ्यासाठी आंब्याचं पन्हं आणलं. मी आतल्या खोलीत जाऊन मुख्य तारेची खुंटी काढली, तिच्यावरचा खडू फडक्याने पुसला आणि साबणाची वडी दोन बाजूंनी फिरवली. मग तार पुन्हा नीट लावली आणि वसंतरावांच्या हातात दिलरुबा दिला.

"केव्हा घसरेल ते मलाही ठाऊक नाही," मी कुजबुजलो. "तुम्ही तिकडे लक्षच देऊ नका."

ते दाराच्या भिंतीला पाठ लावून बसले आणि गज फिरवला. पहिला लांब सूर आला आणि तरफा उठल्या. कूलरच्या घरघरीवर तो आवाज तरंगत राहिला. बाहेर कुणी नव्हतं, रस्ता नव्हता, देवळी नव्हती. पडद्याचा हिरवा उजेड भिंतीवर हलत होता आणि त्या उजेडाबरोबर सूर हलत होता. मायने डोळे अर्धवट मिटले.

"किती गोड वाजवता जी भाऊ," ती म्हणाली.

वसंतरावांचा गज क्षणभर अडखळला, मग पुढे गेला. मी खुंटीकडे पाहत होतो. ती ढिम्म. माझ्याच हातची, हलायची कशी? इतकी वर्षं खुंटी घसरू नये म्हणून झटलो आणि आज ती घसरावी म्हणून मी मनातल्या मनात तिची विनवणी करत होतो. वैनी दाराशी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. सूर चालू होते. मला वाटतं मी थोडा वेळ झोपलोही असेन, कारण एका क्षणी मला जाणवलं की आवाजातला काहीतरी ओलावा गेला आहे. एक तरफ गप्प झाली होती. मग दुसरी. वसंतरावांना अजून कळलेलं नव्हतं, ते डोळे मिटून वाजवत होते.

मायच्या कपाळाची शीर उठली. तिने डोळे उघडले. आधी कूलरकडे पाहिलं, मग छताकडे, जणू कुणी तिला त्रास देतंय. मग तिची नजर खाली आली आणि मुलावर थांबली.

"वसंता."

गज थांबला.

"वसंता, तार उतरली रे तुही. कान फुटले का तुहे?"

वैनींनी भिंतीकडे तोंड केलं. मी पन्ह्याचा रिकामा पेला तोंडाला लावला. वसंतरावांनी मायकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"हो माय," ते म्हणाले. "पीळतो ना."

"पीळ मंग. पाहुने बसले हाय, काय म्हनतीन?"

त्यांनी खुंटीला हात घातला. आता सूर कुठे आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. एका पिळात तार जागेवर आली असती. त्यांनी ती केसभर चढवली, गज फिरवला आणि मायकडे पाहिलं.

"आली का माय?"

"नाई रे वसंता."

त्यांनी आणखी केसभर चढवली.

"आता?"

"अजून नाई. अजून नाई आली वसंता. सावकाश कर."

वसंतराव सावकाश करत होते.